हिरव्या रंगाखालचा माणूस

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये, वर्कशॉपकडच्या खिडकीशी बसतो. खोक्यातून निघालो तेव्हा प्राचार्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला होता. आता मुलं मला चालू करून चहाला जातात. ती परत येईपर्यंत मी कसाबसा जागा होतो. तरी एक मान अजून टिकून आहे. माझ्या पडद्यावरच्या आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही. त्या मानानेच एकदा घात केला असता.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने त्याच आठवड्यात गणिती सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं होतं. काम मात्र खरंखुरं होतं. वर्कशॉपमधलं चारशे किलोचं इंजिन चेनपुलीने उचलायचं आणि मिस्त्रीकाकांनी त्याच्याखाली सरकून तळाचे बोल्ट खोलायचे. पुली टांगायचा आडवा पाइप तिने निवडला होता, काकांनी तो बसवलाही होता. तो पेलेल का, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

तिने मापं भरली. वजनाच्या रकान्यात ४०० टाकलं. रकाना किलोचा नव्हता, न्यूटनचा होता. तिथले चारशे म्हणजे जेमतेम चाळीस किलो. मित्रांनो, मला इंजिन दिसत नाही, रकाना दिसतो. मी पाइप हिरवागार रंगवला : सुरक्षित, वाक एक मिलिमीटर.

काका दारातून डोकावले. "काय इंजिनिअरबाई, पास की नापास?"

"पास, काका! एकच मिलिमीटर वाकतोय."

"एकच? काल मी स्वतः लोंबकळून बघितलं, दोन वाकला की गं."

"काका, कॉम्प्युटर सांगतोय."

"मग प्रश्नच मिटला. आम्ही पडलो दहावी नापास." आणि ते गेले.

ती हसत होती. हळूहळू हसू विरलं. सत्तर किलोच्या काकांनी दोन, आणि चारशे किलोच्या इंजिनाने एक? तिने पेन्सिल उचलली. खिडकीतून चेनची खडखड येऊ लागली. कागदावर पहिला गुणाकार, खडखड, दुसरा, खडखड. मग तिचं बोट पडद्यावर, त्या रकान्यापाशी थांबलं. खुर्ची आडवी झाली, ती धावत सुटली.

मी हिरवाच राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं. बाहेर "काका, खाली जाऊ नका!" अशी किंकाळी ऐकू आली आणि चेन थांबली. मग ती उलटी, सावकाश खडखडू लागली.

दोघं आली, तेव्हा इंजिन पुन्हा जमिनीवर टेकलेलं होतं. तिने कागदावरचा हिशेब दाखवला, चारशे किलोचे चार हजार न्यूटन, आणि रकान्यात ४००० काकांनीच टाकले, ग्रीसच्या बोटाने. पाइप लालभडक झाला.

"आता खरं बोलतोय बघ," काका म्हणाले.

खरं मी आधीही बोललो होतो. विचारलं तेवढंच.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर उपकार होतील. नाही पुसलीत तरी माझं अडत नाही. पण माझ्या हिरव्या रंगाखाली कुणाला झोपवण्याआधी एकदा कागद-पेन्सिल घ्या. आणि त्या माणसालाही विचारा.