लोगो आधी, हवा मग

आमच्या साहेबांचा एकच हट्ट: बटण दाबल्या दाबल्या कंपनीचा लोगो पेटला पाहिजे. मग मशीन हवा देवो न देवो. घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनवतो आम्ही, आणि त्यातलंच एक माझ्या बाबांच्या उशाशी आहे. रोज सकाळी ते गार पडलेलं असलं की पहिल्या बटणाला दाद देत नाही. लोगो पेटतो, हवा येत नाही. मग आई ते बंद करून पुन्हा बटण दाबते. कंपनीच्या माणसानेच तिला तसं शिकवलंय.

सोमवारपासून नव्या चिपची मशीनं बाजारात जाणार होती आणि बाबांचंही बदलून मिळणार होतं. जुन्या चिपवरचा बूटलोडर, म्हणजे वीज आली की सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा छोटा प्रोग्राम, नव्या चिपवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणला. आणि काय सांगू, नवं मशीनही सकाळच्या पहिल्या बटणाला ढिम्म. बाबांच्या उशाशी पुन्हा तेच ध्यान जाणार होतं.

जुना बूटलोडर ज्यांनी लिहिला त्या सीनियरना आम्ही पाठीमागे छापखाना म्हणतो. प्रोग्राममध्ये जागोजागी ‘इथपर्यंत आलो’, ‘अजून जिवंत आहे’ अशा ओळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर छापायच्या आणि चूक सापडायची वाट बघायची, वीस वर्षं यांचं हेच चाललंय. ते आले, रुबाबात बसले, आणि सुरुवातीलाच ‘नमस्कार’ छापणारी एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पहिल्या झटक्यात सुरू. का झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण ओळ राहू दे म्हणाले, आणि साहेब म्हणाले, संस्कार चांगलेच आहेत, राहू दे.

माझं डोकंच फिरलं. बाबांचा श्वास काय नमस्कारावर चालवायचा?

मी डीबगर मागितला. तो जोडला की चिपला मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं. पण त्याला चिपच्या दोन पिना लागतात, आणि आमच्या त्या दोन्ही पिना साहेबांनी लोगोच्या दिव्याला देऊन टाकलेल्या, कारण लोगो दोन रंगांत पाहिजे. बूटलोडर उठून पहिलं काम करतो ते लोगो पेटवायचं, आणि त्याच क्षणी डीबगर दाराबाहेर. पिना परत मागितल्या तर साहेबांनी विचारलं, डीबगर लागतो म्हणजे तुमच्या कामात चुका आहेत का? नाही म्हणावं तर डीबगर कशाला, हो म्हणावं तर माझी धडगत नाही. छापखाना गालातल्या गालात हसत होते.

मग मी विचारायचंच सोडलं. केसाएवढ्या दोन तारा त्या पिनांना सोल्डर केल्या आणि बूटलोडरच्या अगदी सुरुवातीला, लोगोच्याही आधी, चार ओळी घातल्या: डीबगर जोडलेला दिसला तर पिना त्याच्याकडेच राहू दे. छापखान्यांचा नमस्कार काढून टाकला. चिपचा बोर्ड डब्यात घालून कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये, साहेबांच्या कापलेल्या पपईशेजारी, चांगला गार केला. बाहेर काढून बटण दाबलं. ढिम्म झाला तसं चिपला तिथेच धरलं आणि आत डोकावले.

चिपला ठेका देणारा एक स्फटिक असतो. गारठ्यात त्याला स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. बूटलोडर त्याची वाट न बघता पुढे पळत होता आणि तोंडावर आपटत होता. नमस्कार छापण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात स्फटिक सावरायचा, एवढीच त्या संस्कारांची करामत. थंडी वाढली असती तर दोन नमस्कार लागले असते. प्रोग्राममध्ये त्या जागी छापखान्यांची जुनी टीप होती: ‘वाट बघायची गरज नाही.’ आणि मी शहाणीने ती डोळे झाकून जशीच्या तशी उचलली होती.

साहेबांना सगळं सांगितलं. नव्यात दुरुस्त केलंय, लोगो आता मशीन खरोखर सुरू झाल्यावरच पेटेल, पण लोकांच्या घरची जुनी मशीनं परत बोलवावी लागतील. त्यांनी शांतपणे मॅन्युअल काढलं आणि सातवं पान माझ्यापुढे धरलं. ‘मशीन चालू न झाल्यास बंद करून पुन्हा बटण दाबावे.’ खाली त्यांचीच सही.

“लोक दाबतात ना दुसऱ्यांदा?”

“दाबतात,” मी म्हटलं. “दाबायला आई असली तर.”

साहेबांनी मॅन्युअल मिटलं. मग त्यांनी विचारलं, लोगो आता किती उशिरा पेटतो? अर्धा सेकंद, मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. जुनी मशीनं परत बोलवायचा माझा कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे.

मंगळवारी सकाळी मी मुद्दाम घरी थांबले. नवं मशीन रात्रभर गार पडलेलं. आईने बटण दाबलं, हवा सुरू झाली, मग लोगो पेटला. बाबांनी नळी नाकाला लावून एक श्वास घेतला असेल नसेल, तोच आईने मशीन बंद केलं आणि पुन्हा बटणाकडे हात नेला. बाबा तोंड उघडून थांबले, रोज थांबतात तसे.

“आई, अगं झालं होतं चालू! लोगो पेटला होता ना?”

“तो तर मेला रोजच पेटतो,” आई म्हणाली, आणि तिने दुसऱ्यांदा बटण दाबलं.