गैरहजराला शून्य

प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणत. अंगापिंडानं बारीक, आणि एका जागी स्वस्थ बसलेली तिला कुणी कधी पाहिली नव्हती. पीएचडी संपत आली होती, सोबतचे एकेक करून पदवी घेऊन निघून गेले होते, पण मुंगीच्या हाती अजून धड काही लागलं नव्हतं.

तिचा विषय होता एक बिघडलेलं एन्झाइम, म्हणजे पेशीत ठरावीक काम करणारं एक प्रथिन. काही घराण्यांत त्याच्या जनुकात एक बारीकशी चूक पिढ्यानपिढ्या चालत येते. त्या चुकीमुळे या प्रथिनाची घडी नीट बसत नाही, आणि पेशीला असा ढिला माल खपत नाही. पेशीत पहारेकरी प्रथिनं असतात. ती असल्या वेड्यावाकड्या प्रथिनाला हेरतात, त्याच्यावर एक खूण चिकटवतात, आणि खूण लागली की पेशीतलं तुकडे करणारं यंत्र त्याचा चुरा करून टाकतं. मग एन्झाइमच उरत नाही आणि लहान मुलं आजारी पडतात. ही खूण नेमका कोणता पहारेकरी लावतो, ते मुंगीला शोधायचं होतं.

त्यासाठी ती यीस्ट वापरत होती. यीस्टचं स्वतःचं एन्झाइम काढून त्याजागी माणसाचं बिघडलेलं एन्झाइम बसवलं होतं. हे एन्झाइम जे पोषक द्रव्य बनवतं, ते अशा यीस्टला वरून द्यावं लागे, नाहीतर ते वाढत नसे. त्याच्या अनेक जाती तिनं तयार केल्या होत्या. प्रत्येक जातीत एकेक पहारेकरी कमी. कोणत्या जातीत प्रथिन टिकून राहतं, ते मोजायचं.

एकदा कुणाच्या तरी प्रयोगातून उरलेल्या, पोषक द्रव्य नसलेल्या बशा तिच्या हाती आल्या. तिनं मॅडमना विचारलं, "यांच्यावर यीस्ट लावून बघू का?"

मॅडम, म्हणजे तिच्या गाईड, कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "कशाला? ते प्रथिन वाचलं तरी कामाचं नाही. मी स्वतः मोजलंय. वाढणार कसं?"

ते खरंच होतं. तरुणपणी मॅडमनी याच प्रथिनावर शोधनिबंध लिहिला होता. काम शून्य, असं त्यात स्पष्ट दाखवलं होतं. त्या निबंधावर त्यांचं नाव झालं होतं. पण बशा टाकून देणं मुंगीच्या जिवावर आलं. तिनं एकेका बशीवर एकेक जात लावून टाकली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिनं उबवणीचं कपाट उघडलं. सगळ्या बशा कोऱ्या होत्या, एक सोडून. तिच्यावर एका कडेला पांढुरके ठिपके उमटले होते. मुंगीनं बशी उजेडात धरली, फिरवली, परत धरली. मग तिनं ती टेबलावर ठेवून दिली.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला सगळे शंकासुर म्हणत. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून बशीत डोकावलं. "बाहेरचं काहीतरी शिरलंय."

"शेजारच्या बशीत नाही शिरलं ते?"

"मग जनुकातली चूक आपोआप दुरुस्त झाली असेल. यीस्ट लबाड असतं."

त्याचा राग येण्यात अर्थ नव्हता, कारण शंका रास्त होती. मुंगीनं त्या ठिपक्यांतलं जनुक काढून तपासायला पाठवलं. उत्तर आलं, चूक जिथल्या तिथे आहे. मग काढलेला पहारेकरी तिनं त्या यीस्टमध्ये परत बसवला. वाढ ठप्प. पुन्हा काढला. ठिपके हजर. तिसऱ्या वेळी शंकासुर स्वतःच कपाटापाशी तिच्या आधी येऊन उभा होता. बशी पाहून तो एवढंच म्हणाला, "च्यायला."

घरी ती दादा-वहिनींकडे राहायची. वहिनी नर्स होती. भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, "आज काय पंख फुटलेत का तुला?"

मुंगीनं सगळं सांगितलं. वहिनी नळ बंद करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माणूस कामाचा आहे, पण चाल जरा लंगडी म्हणून दारावरूनच हाकलताहेत?"

"हाकलत नाहीत गं, चुरा करतात."

"मग सांग की तुझ्या मॅडमना. अडलंय कुठे?"

"त्यांनीच लिहिलंय की ते निकामी आहे. त्यांना त्यांचीच चूक दाखवायची, आणि पदवी त्यांच्याच हातात."

वहिनीनं हात पुसले. "आज ना उद्या कळणारच आहे. तुझ्या तोंडून कळलेलं बरं, बाहेरून कळण्यापेक्षा."

दुसऱ्या दिवशी मुंगी बशा घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. बोलायचं ते पाठ केलं होतं, पण ऐनवेळी सगळं विसरली आणि नुसत्या बशा टेबलावर मांडल्या. मॅडमनी एकेक उचलून पाहिली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"यीस्ट कुठल्या डब्यातलं?" त्यांनी विचारलं. मुंगीनं सांगितलं. त्या उठल्या, खुंटीवरचा पांढरा कोट काढला आणि म्हणाल्या, "मी करून बघते. तू हात लावू नकोस."

मॅडमना पिपेट धरलेलं प्रयोगशाळेत कुणीच पाहिलं नव्हतं. त्या रोज वर्ग संपला की यायच्या आणि कुणाशी न बोलता काम करायच्या. शंकासुर मुंगीच्या कानाशी कुजबुजला, "हात बघ त्यांचा. आपल्यापेक्षा चलाख आहे."

मॅडमच्या बशीवरही ठिपके आले. त्यांनी मग त्या यीस्टमधलं प्रथिन काढून त्याचं काम मोजलं. आकडा पडद्यावर उमटला आणि त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या. निरोगी एन्झाइमच्या जवळपास निम्मं काम. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी तेव्हा काम मोजलं गं," त्या म्हणाल्या, "पण प्रथिन तिथे आहे का, तेच नाही बघितलं. पेशीनं आधीच त्याचा फडशा पाडला होता. गैरहजर मुलाला मी शून्य दिलं आणि नापास म्हणून जाहीर केलं."

मुंगी म्हणाली, "मॅडम, तेव्हा मोजायची साधनं..."

"साधनं होती. मला घाई होती. आता बस इथे. काय काय करायचं ते ठरवू."

महिन्याभरात त्या पहारेकऱ्याला रोखणारं एक रसायन त्यांनी आजारी मुलाच्या कातडीतून वाढवलेल्या पेशींवर घातलं. एन्झाइम थोडंसंच वाढलं, पण वाढलं. औषध व्हायला कितीतरी वर्षं लागतील, पहारेकरी सरसकट बंद करणं पेशीला धोक्याचं, हे सगळं खरं होतं. तरी मुंगी त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरली.

विभागाच्या व्याख्यानात बोलायचं मुंगीनंच, असं मॅडमनी ठरवलं. शेवटी एक प्राध्यापक उठले, मॅडमचे जुने प्रतिस्पर्धी. "पण बाई, हे तुमच्याच निबंधाच्या उलट नाही का?"

मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. "उलट आहे. माझं चुकलं होतं. हिचं बरोबर आहे. आणखी काही विचारायचं असेल तर हिला विचारा, मला हिच्याइतकं माहीत नाही."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. मुंगीनं उभ्या उभ्या सगळी परतवली आणि घसा बसला तरी थांबली नाही.

लोक पांगल्यावर मॅडम तिला थेट फ्रीझरपाशी घेऊन गेल्या. निकामी म्हणून बाजूला टाकलेल्या आणखी कितीतरी बिघडलेल्या प्रथिनांचं यीस्ट तिथे वर्षानुवर्षं बर्फात पडून होतं. शंकासुरानं जाड हातमोजे आणून दिले. मॅडमनी बर्फ खरवडून पहिला डबा ओढला आणि मुंगीच्या हातात ठेवला.

"हे पण मीच नापास केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "लाव बशीवर."