रिकाम्या खणांची साक्ष

माझ्या झाकणांवरची वारांची अक्षरं आता घासून गेली आहेत. मंगळवारचा तर नुसता अनुस्वार उरला आहे. तरी मित्रांनो, कोणता खण कोणत्या वाराचा हे मला तोंडपाठ आहे. मी गोळ्या ठेवायची सात खणांची जुनी डबी. जन्म साच्यातला, त्यामुळे माहेराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. औषधाच्या दुकानात धूळ खात पडले होते. तिथून एका बाईने मला उचललं आणि थेट संसारात आणलं.

तिचा नवरा काचभट्टीत काच फुंकून प्रयोगशाळांचे चंबू आणि नळ्या करी. लहानपणी त्याचं चित्त एका जागी ठरत नसे, म्हणून आईने त्याचं नाव पाडलं भिंगरी. मोठेपणी डॉक्टरांनी त्यालाच एडीएचडी म्हटलं आणि सकाळची एक गोळी सुरू केली. गोळीने जादू केली नाही, पण हातातलं काम हातातच राहू लागलं. रविवारी बायको माझे खण भरी, रोज सकाळी तो एक रिकामा करी. संध्याकाळी ती झाकण उघडून बघे आणि त्याला म्हणे, "शहाणं गं माझं बाळ!" लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि घरात बाळ नव्हतं.

एकदा तिचा भाऊ जेवायला आला. हा गृहस्थ मोबाइलवर वाचलेलं पचायच्या आत दुसऱ्याच्या ताटात वाढत असे.

"भाऊजी, ताई आत आहे तोवर सांगतो. त्या गोळीनं म्हणे पुरुषाचं बीज कमी होतं. बघा बुवा, मी काही डॉक्टर नाही."

"मग बोलतोस कशाला?" भिंगरी हसला. हसला खरा, पण घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या सकाळपासून माझा खण रिकामा होई, पण गोळी पोटात जात नसे. कपाटाखाली त्याचे लग्नातले बूट होते, नंतर कधी न घातलेले. गोळी त्यात पडे. बायकोला सांगावं तर दोष आपल्या माथी; न सांगता मूल झालं तर विषयच मिटला, असा त्याचा हिशेब. ती संध्याकाळी मला उघडी आणि समाधानाने मिटी. मला तोंडं सात, पण एकालाही बोलता येत नाही.

भट्टीत एक रीत आहे. तापलेली काच आणि निवलेली काच दिसायला सारखीच, म्हणून हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "गरम का?" ही रीत भिंगरी नवशिक्यांना दरडावून शिकवी. एके दिवशी त्यानेच भट्टीतून काढलेला चंबू टेबलावर ठेवला, लक्ष खिडकीतल्या कावळ्याकडे गेलं, आणि वळून तोच चंबू त्याने मुठीत धरला.

सोबत्याने तळव्यावर ओलं फडकं गुंडाळून त्याला घरी आणलं. भाजलेल्या हातावर ओतलेल्या पाण्याने कामाचे बूट भिजले होते, म्हणून दवाखान्यात जायला बायकोने लग्नातले बूट पुढे केले. पाय आत गेला आणि करकर वाजलं. तिने बूट उपडा केला, तशा गोळ्या जमिनीवर घरंगळल्या. मग माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?"

"तुझा भाऊ जेवायला आला होता ना..."

सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाचं ऐकलंस, आणि मला विचारलंही नाहीस? मूल काय तू एकटा आणणार होतास?"

हाताला पट्टी झाल्यावर दोघं गोळी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी पर्समध्ये होते.

"तुमचा मेहुणा अगदीच खोटं बोलला नाही," बाई म्हणाल्या. "जनावरांवरच्या काही प्रयोगांत असा परिणाम दिसलाय. माणसांवरचे अभ्यास थोडे, आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. गोळीला दोषी ठरवण्याइतका पुरावा नाही, निर्दोष सोडण्याइतकाही नाही. शिवाय तुम्ही दिवसभर भट्टीपुढे उभे. त्या उष्णतेचाही विचार करायला हवा. तपासणी दोघांची करू. गोळी चालू ठेवायची, बदलायची की थांबवायची, ते तिघं मिळून ठरवू."

तपासणीत तिचं सगळं ठीक निघालं, त्याचं बीज मात्र कमी निघालं. कशामुळे, ते कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही. तिघांच्या विचाराने गोळी पुन्हा सुरू झाली. त्याला भट्टीपासून दूर, तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. काही महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं. आता मला तो स्वतः भरतो. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचता वाचता बुधवारी दोन गोळ्या टाकतो, मग जीभ चावून एक काढतो.

मित्रांनो, रिकामा खण एवढंच सांगतो की खण रिकामा आहे. औषध ऐकीव गोष्टीवर सोडू नका. आणि आपल्या माणसाचं कसं चाललंय ते डबी उघडून बघू नका, त्यालाच विचारा.

उद्या दुसरी तपासणी आहे. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली, पण तिने झाकणाला हात लावला नाही. त्याच्या शेजारी बसली.

"गरम का?" हात लावण्याआधी तिने भट्टीच्या रीतीने विचारलं.

"आहे," तो म्हणाला, आणि नव्या कातडीचा तळवा त्याने तिच्या हातात दिला.