मला मिसकॉल ऐकू येत नाही

मी 'सांगाती' बोलतोय. फोनातलं एक ॲप. माझं नाव तुमच्या कानावर आलं नसेल, कारण इनामगावच्या वाड्यावस्त्या आणि तळेगाव ढमढेरेचा बाजार, एवढंच माझं जग.

मला प्राचीनं घडवलं. ती कोरेगाव भीमाजवळ एका कारखान्यात ऑफिसला आहे; सुट्टीच्या दिवशी माझ्यावर खपायची. तिचा मामा नवनाथ टेम्पोतून बायांची भाजी बाजाराला नेतो. बायांची रीत ठरलेली: माल तयार झाला की साध्या फोनवरून मिसकॉल द्यायचा. पण गाडी चालवताना नवनाथ फोन बघणार कसा? म्हणून मिसकॉल आला की मी त्याच्या फोनातून मोठ्यानं सांगायचो, "चांगुणाआत्या फाट्यावर थांबल्यात." तो गाडी वळवायचा. मला तेव्हा भारी ऐट वाटायची.

माझं बिऱ्हाड मात्र परक्याच्या जागेत, ॲपच्या दुकानात. तिथं मला आधी दोनदा पास केलं होतं. मग अचानक निरोप आला, कॉल बघणारी ॲप चालणार नाहीत. लोकांच्या फोनात डोकावणारी लबाड ॲप असतात, हे खरं. पण इथं चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. प्राचीनं विनवण्या केल्या, नेमकं काय बदलू म्हणून विचारलं. दरवेळी तेच छापील उत्तर. दुकानाबाहेरून मला फोनात घालावं, तर फोनच मला धोकादायक म्हणायचा.

शेवटी मला जगवायला तिनं माझे कान, म्हणजे मिसकॉल ओळखायची सोय, काढले आणि एक हिरवं बटण बसवलं. बायांनी मला आपापल्या फोनात घ्यायचं आणि माल तयार झाला की ते दाबायचं. दुकानानं लगेच पसंती दिली. पण चांगुणाआत्यांच्या साध्या फोनात मी चालतच नाही.

प्राची हे समजवायला गेली, तेव्हा आत्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी निस्ता मिसकॉल देती, पोरी. त्यात कुणाचं काय जातंय?"

 प्राची त्यांच्याशेजारी बसून जुड्या बांधू लागली.

आत्यांची सवय कुठं सुटते? त्यांनी पुन्हा मिसकॉलच दिला. गेल्या बाजाराला तळेगावात पोचल्यावर नवनाथनं फोन बघितला आणि कपाळावर हात मारला, तेव्हा मला कळलं. फाटा केव्हाच मागं पडला होता. आत्यांची मेथी उन्हात माना टाकून बसली असणार. मला फार वाईट वाटलं.

आत्या, मी अजून त्याच फोनात आहे. तुमचा मिसकॉल माझ्या शेजारून जातो. आता तो देऊन झाडाखाली निवांत बसू नका. रस्त्यावर या, हात करा. माझ्या भरवशावर राहू नका.