न कुजणारं फडकं

रांग सभागृहाच्या दारातून निघून सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढून वळली होती, आणि ती लागली होती मोजे हुंगण्यासाठी. चांगली इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, त्यांत दोन वकीलसुद्धा, चपला हातात घेऊन उभी होती.

आत व्यासपीठावर एक शिष्य पाय पुढे करून बसला होता. आठवडाभर त्यानं मोजे काढले नव्हते. डाव्या पायात बाजारातला साधा सुती मोजा, उजव्यात वस्त्रबाबांनी फुंकर घातलेला. माणसानं आधी डावीकडे वाकायचं, मग उजवीकडे. उजवीकडे वाकलेला माणूस डोळे पुसत उठायचा. पाणी डावीकडच्यानं आलेलं असायचं, पण ते कबूल कोण करणार?

"हे सूत नव्हे, बाळांनो, श्वास आहे श्वास!" बाबा वरून सांगत होते. "माझा श्वास ज्याला लागला ते कुजत नाही. कापड नाही आणि माणूसही नाही!"

लाँड्रीवाल्या घरातली थोरली सून त्या रांगेत होती ती दिरासाठी. स्वतःसाठी ती कधी कुठल्या रांगेत उभी राहिली नव्हती. रांगा तिच्या लाँड्रीपुढे लागायच्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे झगे, सगळं तिच्याकडे. कपडा डोळ्यांनी पाहायच्या आधी ती नाकानं पाहायची, आणि तिच्या नाकाचा निकाल घरात अखेरचा.

दिराला साखरेचा आजार. इस्त्रीखोलीतल्या वाफेच्या नळीला त्याचा पाय टेकला, कातडी सोलून निघाली, तरी त्याला पत्ता नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखरेनं पायाच्या नसा मेल्यात, म्हणून दुखत नाही. गोळ्या चुकवू नका, पट्टी बदलायला येत जा. हयगय केलीत तर बोटं कापावी लागतील." कापायचं नाव निघाल्यावर दिरानं पुढचं काही ऐकलं नाही. घरी आला आणि बाबांचा पत्ता विचारत सुटला.

बाबांनी दिलेली पट्टी फिकट पिवळी होती. "श्वासाचा रंग," शिष्य म्हणाला. अटी तीन. धुवायची नाही, बदलायची नाही, आणि गोळ्या बंद, कारण गोळ्यांचं आणि श्वासाचं जमत नाही. गोळ्यांचं आणि साखरेचं तरी कुठं जमतं, हे कुणी विचारलं नाही.

चार दिवसांत जखमेचा वास गेला.

"बघा जाऊबाई!" धाकटी जाऊ हरखली. "तुम्हीच हुंगून बघा!"

थोरलीनं वाकून हुंगलं. वास नव्हता. तिच्या नाकानं निकाल दिला आणि घर निवांत झोपलं.

थोरलीला मात्र एक गोष्ट टोचत होती. सगळ्या गावाचा मळ काढणाऱ्या घरात न धुतलेलं फडकं! कुणा गिऱ्हाईकानं पाहिलं तर अब्रू काय राहील? एका दुपारी दीर घोरत असताना तिनं पट्टी सोडली. जखमेवर काळी, कोरडी खपली होती. तिनं ती पट्टी हॉटेलच्या टॉवेलांसारखी ब्लीचमध्ये बुडवली, खळखळून धुतली, कडक इस्त्री केली आणि पुन्हा बांधून टाकली. पिवळा रंग साफ गेला. थोरलीला बरं वाटलं. तिच्या हाताखाली कुठला डाग आजवर टिकला होता?

तिसऱ्या दिवशी सकाळी वासानं खोलीत पाय ठेववेना.

पट्टी पांढरी झालेली पाहून जाऊ रडायलाच लागली. "तुम्ही धुतलीत! चांगलं चाललं होतं ते तुम्हाला बघवलं नाही!"

दिरानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "वहिनी, माझा पाय घालवलात तुम्ही."

थोरलीनं पट्टी सोडली आणि साबणानं पुन्हा धुतली. पट्टीचा वास गेला. खोलीतला गेला नाही. मग ती पायाशी वाकली.

"रडणं पुरे," ती जावेला म्हणाली. "हा वास फडक्याचा नाही. आत पाय सडतोय, आणि तो आज सडायला लागलेला नाही. टेम्पो काढायला सांग."

"मी येणार नाही," दीर म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय कुणी, भाऊजी? मळके कपडे विचारून नेते का मी?"

हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून दीर दवाखान्यात पोचला. दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. "आणखी आठवडा गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर पाय गुडघ्याखालून काढावा लागला असता."

पट्टीचा एक न वापरलेला तुकडा घरात होता. तो बाईंनी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि आठवड्याभरानं थोरलीला बोलावलं.

"सुतावर चांदी आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण. पिवळेपणा त्यांचाच. घामाला आणि जखमेला वास येतो तो जंतूंमुळे, आणि ही चांदी कापडावरचे जंतू मारते. तुमच्या ब्लीचनं ती निकामी झाली."

"म्हणजे कापड खरं?"

"कापड उत्तम. भाजलेल्या माणसांना आम्हीही अशा पट्ट्या बांधतो. पण ती वरवर काम करते. आतला हाडापर्यंत गेलेला पू आणि रक्तातली साखर तिला दिसतसुद्धा नाही."

थोरलीनं सगळं जुळवून पाहिलं. दिराच्या पायातली वेदना आजारानं आधीच नेली होती. धोक्याची खूण म्हणून वास तेवढा उरला होता, तोही बाबानं काढून घेतला होता.

पुढच्या मेळाव्याला डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर आल्या. थोरलीनं व्यासपीठावर जाऊन मोज्यांची एक कोरी जोडी बाबांपुढे धरली. "यातल्या उजव्यावर घाला फुंकर, शिष्य आठवडाभर दोन्ही घालील. आठवड्यानं सगळे मिळून हुंगू."

"माते, कापड आमचंच लागतं," बाबा म्हणाले.

"का हो? तुमच्या श्वासाची एकाच गिरणीशी सोयरीक झालीय का?"

पहिलं हसू त्या दोन वकिलांना फुटलं. "घाला की, बाबा!" मागून कुणी ओरडलं. बाबांनी फुंकर घातली. घालावीच लागली. त्या हशातच डॉक्टरीणबाईंनी चांदीची सगळी गोष्ट साध्या शब्दांत सांगितली.

आठवड्यानं सभागृहाच्या खिडक्या सताड उघडाव्या लागल्या. डावा आणि उजवा, दोन्ही मोजे निष्पक्षपणे सारखेच घाण मारत होते. बाबा आले नाहीत. शिष्य आला होता, कारण बाबा येणार नाहीत हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

दीर आता काठी टेकत इस्त्रीखोलीत येतो. परवा म्हणाला, "वहिनी, तेव्हा मी तुम्हाला नको ते बोललो."

"बोललात. आज गोळी घेतलीत का?"

"घेतली."

"मग झालं."

आणि हे वाचणाऱ्यांना सांगायचं ते इतकंच. चांगलं कापड निघालं असेल तर खुशाल वापरा. ते प्रयोगशाळेत डोकं चालवणाऱ्या माणसांनी केलेलं आहे, त्यांचे उपकार माना. पण त्या कापडाला कुणी आपला श्वास म्हणायला लागला, तर आधी त्याला ते ब्लीचमध्ये धुऊन दाखवा. आणि जो कुणी चालू औषध बंद करायला सांगेल, तो देव असो की देवाचा मेहुणा, त्याच्या दारातून उठा आणि तडक दवाखाना गाठा. नवस मागाहून फेडता येतो, कापलेला पाय मागाहून लावता येत नाही.