टिटवी लाइनवर आहे

"अगं, नुसतं बोट काय ठेवतेस? दाब ना!"

"काही मोडणार नाही ना?"

"मावशी, एकतीस वर्षं तू अख्ख्या देशाचे फोन जोडलेस. एक माउस मोडशील होय?"

हॅलोमावशीनं माउस दाबला. पडद्यावर अंधार झाला आणि त्या अंधारात एकेक करून पितळी भोकं उजळली. आठ ओळी, ओळीला दहा. खाली दोऱ्या. वर एक खिडकी, आणि खिडकीत मावशीच्या ऑफिसातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची तिथे कडं घातलेला भला थोरला ग्रह.

"हा तर आमचा बोर्ड," मावशी म्हणाली.

"तुमचाच. जरा लांब नेऊन ठेवलाय, इतकंच."

मावशी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन गावांना जोडणारा प्रत्येक फोन तेव्हा तिच्यासारख्या कुणाच्या तरी हातातून जायचा. हॅलोमावशी हे नाव तिला भाचीनंच ठेवलं, बोबडं बोलायच्या वयात. भाची आता चौतीस वर्षांची होती, चष्मा लागला होता, डोक्यात दोन-चार पांढरे केस आले होते, पण घरात ती अजून टिल्लीच होती. टिल्ली आणि तिचा एक मित्र, ज्याला सगळे दाढी म्हणत, दोघांनी भाड्याच्या एका खोलीत तीन वर्षं खपून हा खेळ केला होता. दोन तासांत संपणारा, अवकाशातला. आज संध्याकाळी पाचला तो जगभर जाणार होता.

आता दीड वाजला होता. "आधी तू," टिल्ली म्हणाली होती. "मग जग."

*

खेळ असा. ग्रहाच्या कड्याशी एक केंद्र, केंद्रात एकच ऑपरेटर. ती ऑपरेटर म्हणजे खेळणारा. कुणीही न गेलेल्या जागा बघत अवकाशयानं पुढे पुढे चाललेली, आणि त्यांचे घरी केलेले फोन या एका बोर्डावरून जाणार. रांग मोठी, म्हणून प्रत्येकाला तीन मिनिटं. मग दोरी ओढायची, की फोन तुटला.

सगळ्यांत पुढे गेलेल्या यानाचं नाव टिटवी. आत एकटा मुलगा. घरी त्याचे बाबा.

"टिटवी? दुसरं नाव नाही सुचलं? टिटवी ओरडली की माणसं दचकतात."

"टिटवी समुद्रसुद्धा आटवते. कोण म्हणायचं हे?"

मावशीच म्हणायची.

दिवा लागला. तिनं दोरी उचलून भोकात बसवली. खट्. तो आवाज अगदी तसाच होता. दाढीनं तो कुठल्या तरी भंगारवाल्याकडच्या जुन्या बोर्डावरून टिपून आणला होता म्हणे.

"जेवलात का?" टिटवीतला मुलगा म्हणाला.

"जेवलो. तुझं काम कसं चाललंय?"

"चाललंय."

मावशीचा हात माउसवरच थांबला.

"आवाज कुणाचा गं?" तिनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"दाढीचा."

"आणि बाबांचा?"

"तोही दाढीचाच. आमच्याकडे गळा एकच आहे."

टिल्ली हसली. मावशीही हसली. पण ही कुणाची गोष्ट आहे ते तिला कळलं होतं.

*

तेव्हा एक्स्चेंजमध्ये चाळीस जणी, दोन रांगा, पाठीला पाठ. प्रत्येकीच्या दोरीला खाली वजन, त्यामुळे सोडली की दोरी सुर्रकन आपल्या बिळात जायची. तापलेल्या धुळीचा वास. दुपारी एकीनं डबा उघडला की चार बोर्डांपलीकडून हात लांब व्हायचे, आणि तोंडात घास असतानाही "बोला, कुठे हवंय?" स्पष्ट म्हणता यायला लागलं म्हणजे बाई नोकरीत मुरली असं समजायचं. फोन करणाऱ्यांपैकी कुणाचेच चेहरे माहीत नव्हते. पण आवाज! धान्याचा व्यापारी फोनवरही ओरडायचा. तारेवर त्याचा विश्वास नव्हता. एक बाई सासरहून आईला फोन करायची आणि पहिलं मिनिट नुसती नाक ओढायची. रांगांच्या मधून घड्याळबाई फिरायची. ती सुपरवायझर. तिच्या हातात घड्याळ आणि पायात आवाज न करणाऱ्या चपला.

आणि दर गुरुवारी दुपारी, खाणीवरच्या वस्तीतून, तो मुलगा.

*

गोष्ट, टिल्लीला सांगितली होती तशी:

एक होता मुलगा. तो लांब खाणीवर काम करायचा. दर गुरुवारी बाबांना फोन करायचा आणि जेवलात का एवढंच विचारायचा, कारण दोघंही घुमे. एका गुरुवारी तो काहीच बोलेना. बाबाही बोलेनात. तीन मिनिटं झाली. घड्याळबाई मागे येऊन उभी राहिली, ओढ म्हणाली. पण मावशीनं दोरी ओढली नाही! म्हणाली, काय करायचं ते करा, माणसं बोलतायत. आणि मग मुलगा बोलायला लागला, तो संध्याकाळपर्यंत बोलतच राहिला. आता झोप.

*

गोष्ट, झाली तशी:

तिनं ओढली. दोरी भोकातून निघता निघता तिच्या कानात दोन शब्द आले, "बाबा, ऐका". मुलाचा फोन पुन्हा कधी आला नाही.

*

"टिल्ले," मावशी म्हणाली. "मला जरा बोलायचंय."

"आत्ता? मावशी, शेवटचा भाग आलाय! आधी हा, मग बोल."

साडेतीन वाजले होते. टिटवी आता इतकी दूर गेली होती की एक वाक्य पोचायला अर्धं मिनिट लागत होतं. खिडकीतली टिटवी बारीक होत होत ठिपक्याएवढी झाली होती. मावशीनं मनाशी वाक्य जुळवून बघितलं: 'टिल्ले, ते तसं नव्हतं.' एवढं साधं. पण तीन वर्षं, आणि भाचीच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं. त्या सगळ्याखाली जी वीट होती, तीच मावशीची थाप होती. ती आज, दीड तास आधी, काढून घ्यायची? आणि नाही काढली, तर जगभरची माणसं त्या थापेवर डोळे पुसणार.

दिवा लागला. तिनं दोरी बसवली.

"बाबा," मुलगा म्हणाला. मग काही नाही.

पलीकडेही काही नाही.

पडद्यावरचं घड्याळ सरकत होतं. बाजूला रांगेतल्या यानांचे दिवे लुकलुकायला लागले. टिल्ली पुढे झुकून पडदा सोडून मावशीचा चेहरा बघत होती. तिला मावशीला रडताना बघायचं होतं. दोन मिनिटं. अडीच. मावशीला मानेमागे ऊब जाणवली, कुणी मागे येऊन उभं राहावं तशी. मागे कपाट होतं.

काटा तिनावर आला आणि हातानं दोरी ओढली.

मावशीनं नाही, हातानं. ती तर अजून विचारच करत होती.

पडदा काळा झाला. काही क्षणांनी खेळ पुन्हा पहिल्या पानावर येऊन उभा राहिला.

"ओढलीस?" टिल्ली म्हणाली. "तू? अगं, सत्तर जणांनी खेळून बघितला. एकानंही ओढली नाही! म्हणून त्या बाजूला आम्ही शेवटच केलेला नाही. नुसतं काळं ठेवलंय. थांबली असतीस तर तो बोलतो, सगळं बोलतो, आणि मग..."

तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एक पान उघडून दाखवलं. काळ्यावर पांढरी अक्षरं: 'जिनं दोरी ओढली नाही, त्या माझ्या मावशीला.'

मावशीनं ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचली.

"मी तेव्हाही ओढली होती," ती म्हणाली.

*

"म्हणजे तू मला खोटं सांगितलंस."

"सात वर्षांची होतीस. अंगात ताप होता. खरी सांगितली असती तर झोपली असतीस का?"

"आणि नंतर? मी काय जन्मभर सात वर्षांची होते?"

"तू दर वेळी तीच मागायचीस. सांगता सांगता मलाच खरी वाटायला लागली."

"मी दाढीला सांगितलं. मुलाखतीत सांगितलं, मावशी! माझी मावशी वाघीण होती म्हणून."

"वाघीण कसली. घड्याळबाईची चप्पल ऐकू आली नाही तरी आमचे पाय लटपटायचे."

टिल्लीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. फोन वाजला. दाढी. तिनं स्पीकर लावला.

"खेळ चढवू का गं? सगळं तयार आहे."

"थांब."

"थांब म्हणजे? पाच जाहीर केलेत आपण!"

"सहा कर. एक शेवट राहिलाय."

"कुठला शेवट? टिल्ली, वेड लागलंय का..."

तिनं फोन ठेवला. मग तिनं ते काळं पान पुन्हा उघडलं आणि ओळीतले शब्द एकेक करून खोडत नेले. 'मावशीला' एवढंच राहिलं.

"तेही काढ," मावशी म्हणाली. "शोभत नाही."

"ते माझं आहे. तू मध्ये पडू नकोस." टिल्लीचा आवाज कोरडा होता. "त्यानं नक्की काय म्हटलं? ओढताना?"

"बाबा, ऐका."

"कसं? रडत?"

"नाही गं. साधंच. एखादी गंमत सांगायची असावी तसं. तेच जास्त लागतं."

टिल्लीनं पिशवीतून हेडसेट काढला, माइकची काडी वाकवली आणि तिच्यापुढे धरला. "जे ओढतील त्यांना नुसतं काळं नाही दाखवणार. आवाज ऐकवणार. तुझा. काय म्हणायचीस तू?"

"आधी सांगायचं, तीन मिनिटं झाली. मग विचारायचं, बोलणं चालू आहे का. उत्तर आलं नाही तरच ओढायची. तसा नियमच होता."

"त्या दिवशी विचारलंस?"

"नाही." मावशीनं हेडसेट डोक्यावर चढवला. डावा कान मोकळा ठेवून उजव्यावर नीट बसवला. पाठ आपोआप ताठ झाली. टिल्लीनं बटण दाबलं आणि मान हलवली.

"आपली तीन मिनिटं झाली."

टिल्ली चमकली. तो आवाज तिच्या मावशीचा नव्हता. बावीस-तेवीस वर्षांच्या कुणा मुलीचा होता, स्वच्छ, कुणाचाही नसलेला.

"बोलणं चालू आहे का?"

खोलीत पंख्याची घरघर होती, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मावशी डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून उत्तराची वाट बघत होती. मिनिट गेलं असेल, जास्तही. टिल्लीनं घड्याळाकडे बघितलं नाही, बटणालाही हात लावला नाही. मावशीनं आपला दोरी ओढणारा उजवा हात डाव्या हातानं मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.