मागचा डावा पाय

गुंगीचं औषध शिरेत गेलं की घोड्याचा आधी खालचा ओठ सुटतो. डोळ्यांवर झापड येणं, मान खाली जाणं, हे सगळं नंतर. आधी हनुवटीजवळ एक बारीक घडी पडते, दोन ओठांमध्ये फट दिसते आणि मग खालचा ओठ आपल्याच वजनाने लोंबायला लागतो. मेबलच्या ओठावर पांढरे, राठ केस होते. त्यांतला एक थरथरला आणि स्थिर झाला. फट दिसली. इलोनाने सुईला टोपण लावून ती खिशात टाकली.

"झोपली का?" गॅरेटने विचारलं. चामड्याचा एप्रन बांधून तो भिंतीला टेकून उभा होता.

"झोपत नसते ती. थोडा थांब."

"थांबतो की. लग्न झाल्यापासून तेच करतोय." तो घोडीच्या मालकिणीकडे वळला. "बघा बर्निस, खूर मी कापायचे, सुई हिने टोचायची. एका घोडीवर आख्खं कुटुंब कामाला लावलंत तुम्ही."

बर्निस ओलाफसन हसली नाही. मेबलची दोरी तिने दोन्ही हातांत घट्ट धरली होती. बर्निसची चारही नातवंडं आणि खोऱ्यातली निम्मी मुलं या घोडीच्या पाठीवर बसायला शिकली होती. पोरं शेपटीला लोंबकळायची, पोटाखालून पलीकडे जायची आणि मेबल मेजासारखी उभी राहायची.

"मला शरम वाटते रे," बर्निस म्हणाली. "मागच्या खेपेला तिने तुला जवळ येऊ दिलं नाही. त्याच्या आधी तर लाथच उगारली. म्हातारपणी अशी नाठाळ कशी झाली, देव जाणे." मग ती इलोनाकडे न बघता म्हणाली, "आज गुंगी देऊनही जमलं नाही तर मी ठरवलंय, इलोना. तिला शांतपणे जाऊ दे. खुरं वाढवून तिचे हाल करू की कुणाचा जीव जाण्याची वाट बघू?"

"जमेल," गॅरेट म्हणाला.

 नाठाळ हा शब्द इलोनाला कानात खडा गेल्यासारखा टोचला. गेली दोन वर्षं तो तिला फोनवर ऐकू येत होता. आमचा घोडा नाठाळ झालाय, नालबंद येणार आहे, तू येऊन सुई देशील का? वळणापलीकडचा तांबडा घोडा, चर्चमागची दोन तट्टं, शर्यतीतून निवृत्त झालेली ती लांब मानेची घोडी. वय वेगळं, जात वेगळी, मालक वेगळे, चारा वेगळा. इतक्या वेगवेगळ्या जनावरांना एकच रोग लागला तर त्यांच्यात समान काय आहे ते शोधायचं, हे तिला पशुवैद्यकीय कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिला फार शोधावं लागलं नव्हतं. ते समान कारण रोज सकाळी तिच्याच घराचा जिना एकेक पायरी उतरत खाली येत होतं, कठड्याला धरून, उजवा पाय मागे ओढत.

गॅरेटचा उजवा खुबा झिजला होता. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की नवा सांधा बसवावा लागेल. त्याने नाव नोंदवलं नव्हतं. एकदा कापाकापी झाली की कायमचं वाकायचं बंद करतील, असं त्याचं म्हणणं. वसंत संपू दे, बघू. मग हिवाळा संपू दे, बघू. इलोना बघत राहिली होती आणि बघता बघता सुया भरत राहिली होती.

मेबलची मान आता गुडघ्यापर्यंत खाली आली. गॅरेट कामाला लागला. पुढचे दोन्ही पाय त्याने बऱ्यापैकी उरकले, मधे एकदा कंबर धरून उभा राहिला तेवढंच. मागचा उजवाही झाला. मग तो डाव्या बाजूला आला.

मागचा पाय मांडीवर घ्यायचा तर नालबंदाला कमरेत खोल वाकावं लागतं. गॅरेटला वाकता येत नव्हतं. म्हणून त्याने पायच वर आणला, जवळजवळ आपल्या कमरेपर्यंत, आणि स्वतःच्या दुखऱ्या बाजूवर भार नको म्हणून तो बाहेर ओढून धरला. तरण्या घोड्यालाही तो कोन सोसला नसता. मेबलच्या ढोपराचे सांधे तर कधीच कडक झाले होते. त्यासाठी इलोनाच तिला दाण्यातून भुकटी देत होती.

शुद्धीत असती तर मेबलने सांगितलं असतं. कान मागे पाडले असते, शेपटी झटकली असती, भार दुसऱ्या पायावर घेऊन तीनदा सूचना दिली असती आणि मगच लाथ झाडली असती. घोडा एवढा सभ्य प्राणी आहे. गुंगीने लाथ जात नाही, जाते ती सूचना. इलोना हे प्रत्येक मालकाला बजावून सांगायची. आज सांगितलं नव्हतं.

"गॅरेट, पाय खाली घे."

"घेतो."

"आत्ता घे. खूप वर धरलायस."

"तू सुई बघ, मी खूर बघतो."

मेबलचे कान ढिलेच होते. डोळा अर्धा मिटलेला. त्या पायाने गॅरेटला तबेल्याच्या कठड्यावर फेकलं, परतताना खूर टेकवायच्या लोखंडी तिवईला उडवलं आणि तिवई बर्निसच्या खांद्यामागच्या फळीवर आदळली. फळीचा ढलपा निघाला. बर्निस जागची हलली नाही, तिच्या हातून दोरी मात्र सुटली.

गॅरेट उठला. जमिनीवरची खूर घासायची कानस त्याने उचलली आणि मेबलच्या पोटावर हाणली. मग पुन्हा एकदा. घोडीला बाजूला सरकण्याइतकंही भान नव्हतं. ती नुसती डोलली आणि तिच्या घशातून हुंकारासारखा आवाज आला.

इलोनाने त्याचं मनगट धरलं. या माणसाला घोड्यावर हात उगारताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिच्या अंगातून राग पायाच्या नखांपर्यंत उतरत गेला. तो गरम नव्हता, चांगला थंड होता आणि त्याच्यात तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अजून अर्धी मात्रा दे हिला," गॅरेट धापा टाकत म्हणाला.

"नाही."

"मग पुरी दे."

"बास झालं," बर्निस म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "संपलं. इलोना, ते औषध आहे ना गाडीत?"

"आहे."

"मग आजच करून टाक. मी पोरांना फोन करते. कुणाला बोलायचं असेल तिच्याशी तर..." 

"ही गुंगी उतरेपर्यंत थांबावं लागेल," इलोना म्हणाली. "गुंगीत असताना ते औषध देत नाहीत."

हे खोटं होतं. ते औषध द्यायच्या आधी ती नेहमीच गुंगी द्यायची. हे गॅरेटला माहीत होतं. बर्निसला माहीत नव्हतं. ती मान हलवून घराकडे गेली.

डोंगरावरून उबदार वारा सुटला होता. तबेल्याच्या पत्र्यावरचा बर्फ वितळून दारासमोर ठिबकत होता. गॅरेट गवताच्या गठ्ठ्यावर बसला, उजवा पाय सरळ लांब करून.

"बर्निसला थाप का मारलीस?" त्याने विचारलं.

"एकच मारली. तुझ्या मोजायला बसू का?"

"मी काय केलं? लाथ कुणी मारली?"

"पाय कुणी ओढला?"

"इलोना, सव्वीस वर्षांची घोडी आहे ती. आज नाहीतर पुढच्या हिवाळ्यात..."

"म्हणजे मेबल गेली तरी चालेल, तुझं नाव राहिलं पाहिजे. हेच ना?"

"नाव काय घेऊन बसलीस? मला दुसरं येतं काय?" तो ओरडला नाही. आवाज बारीक झाला त्याचा. "आख्खं आयुष्य घोड्यांच्या पायांशी गेलंय माझं. उद्या सकाळी उठून मी काय करू? तुझी बॅग धरून हिंडू?"

एरवी या वाक्याने ती विरघळली असती. या एका वाक्यापायी दोन वर्षं गेली होती. आज तिला आपल्या विरघळण्याचाही संताप आला.

"कितीजणांना मी नाठाळ ठरवलं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "ती लांब मानेची घोडी आठवते? तिला विकली. कुठे गेली, विचारायचं धाडस ना तुला झालं, ना मला. बिचारी सांगत होती, दुखतंय. आणि मी काय केलं, तर सुई टोचून तिचं तोंड बंद केलं. चारचौघांत मिरवते मी डॉक्टर म्हणून."

"माझा खुबा ठीक आहे."

"उठून दाखव. हात न टेकता."

तो उठला नाही.

मेबलचा ओठ हळूहळू वर आला. मान सावरली. तिने एकदा कान हलवले, पापण्या उघडझाप केल्या आणि कोपऱ्यातल्या गवताकडे तोंड नेलं. गुंगीतल्या घोड्याला चारा देत नाहीत, घशात अडकतो. इलोना आणखी बराच वेळ थांबली. घोडी सरळ रेषेत चालतेय, वळताना अडखळत नाही, हे तिने पाहिलं आणि मगच गवत पुढे टाकलं.

मग ती मागे गेली. दोरी बांधली नाही, कुणाला धरायला सांगितलं नाही. मेबलच्या पुठ्ठ्यावरून हात खाली नेत ती ढोपरापर्यंत आली, तिथे थोडी थांबली. तिथली कातडी गरम होती. पाय तिने जेमतेम वीतभर उचलला, बाहेर न ओढता सरळ पोटाखाली, आणि स्वतःच पार खाली बसली. दुसऱ्या हातात गॅरेटची कानस घेतली.

मेबलने मान वळवून पाहिलं. कान पुढे होते. मग ती पुन्हा गवत खाऊ लागली.

इलोना खुराची कड घासत राहिली. तिला ते काम नीट येत नव्हतं. पांढरा भुसा तिच्या बुटांवर पडत होता.

"वाकडं घासतेयस," गॅरेट म्हणाला.

"मी घासतेयच वाकडं. घोडी काही म्हणतेय का?"

तो घोडीच्या कानांकडे बघत राहिला.  शेवटी तो म्हणाला, "बर्निससमोर नको. सांग तिला की गुंगीचं औषध बदलून बघू. महिन्याने परत येऊ म्हणावं. आपण घरी बोलू यावर."

"घरी आपण दोन वर्षं बोलतोच आहोत."

"नीट बोलू. शपथ. तिच्यासमोर मला खाली बघायला लावू नकोस, इलोना. ही बाई सगळ्या खोऱ्याला सांगेल."

इलोनाने पाय हळूच जमिनीवर ठेवला. मेबलने तो स्वतःच थोडा मागे घेऊन त्यावर भार दिला.

बर्निस दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. कोटाच्या खिशातून गाजरांचा पाला बाहेर डोकावत होता. "धाकटीला यायला जमणार नाही," ती म्हणाली. "फोनवर रडतेय. म्हणाली, आजी, तू तिच्या डोक्याशी उभी राहा." तिने गाजर पुढे केलं. मेबलने ते नाजूकपणे, फक्त ओठांनी उचललं. "उतरली ना गं गुंगी?"

"उतरली," इलोना म्हणाली.

गॅरेटने गठ्ठ्याची कड धरून उठायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यावर अडकला आणि तसाच, एका हातावर भार टाकून, इलोनाकडे बघत राहिला. ती त्याला हात द्यायला गेली नाही.

"मग?" बर्निसने विचारलं. "आणतेस औषध?"

"नाही बर्निस. मेबलला मारायचं काही कारण नाही. तिचा पाय जास्त वर उचलला की दुखतो, एवढंच आहे. खाली धरला की ती देते. मी आत्ता धरला होता, तिला गुंगी नसताना. बघा, निम्मा खूर घासलाय." इलोनाचा आवाज नेहमीसारखाच होता, ती घोड्याचा ताप सांगायची तेव्हा असायचा तसा. "गॅरेटचा खुबा निकामी झालाय. त्याला वाकता येत नाही, म्हणून तो पाय वर ओढतो. दोन वर्षं झाली. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुम्ही दुसरा नालबंद बोलवा. आणि गॅरेट, तूही ऐकून ठेव. आजपासून तू ज्या घोड्याच्या पायाला हात लावशील, त्याला मी सुई देणार नाही."